बियांतून ट्यूलिप फुलवणारे क्लूसियस

गुल-ए-लाला हे नाव तुम्ही उर्दू कवितेत अनेकदा वाचले असेल. उर्दूत हा शब्द कधी खसखशीच्या फुलालाही लावतात. पण तुर्की लोकांचे 'लाले' म्हणजे ट्यूलिप. कांद्यासारख्या कंदातून उगवणाऱ्या या फुलाची युरोपला नीट ओळख करून देणारे गृहस्थ म्हणजे कारोलुस क्लूसियस.

त्यांचा जन्म 1526 साली आरास या गावी झाला. हे गाव आता फ्रान्समध्ये आहे. त्यांनी आधी कायद्याचा आणि नंतर वैद्यकाचा अभ्यास केला. पण जीव रमला तो झाडाझुडपांत. 1564 साली लिस्बन शहरात त्यांच्या हाती एक पुस्तक पडले. ते आपल्या शेजारच्या गोव्यात 1563 साली छापलेले होते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्यात हिंग, कापूर, आले, आंबा अशा पदार्थांची माहिती दिली होती. क्लूसियस यांनी त्याचा लॅटिनमध्ये संक्षेप केला आणि 1567 साली तो प्रसिद्ध झाला. भारतातील औषधी वनस्पती युरोपातील पंडितांना कळल्या, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

1573 साली बादशहा दुसरा मॅक्सिमिलियन याने त्यांना व्हिएन्नाला बोलावले. बुस्बेक नावाचा त्याचा वकील पूर्वी सुलतान सुलेमानच्या दरबारी राहून आला होता. त्याच्याकडून क्लूसियस यांना ट्यूलिपचे कंद आणि बिया मिळाल्या.

कंद लावला तर लवकर फूल येते आणि ते मूळ झाडासारखेच असते. बी पेरले तर मात्र सबुरी हवी. थंडी सोसल्यावर बी उगवते, पण पहिल्या वर्षी गवताच्या काडीसारखे एकच पान दिसते. उन्हाळ्यात तेही सुकते. मातीखाली दाण्याएवढा कंद उरतो. दरवर्षी तो थोडा थोडा वाढतो आणि पाच ते सात वर्षांनी पहिले फूल येते. तेही कोणत्या रंगाचे असेल, हे आधी सांगता येत नाही! घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. क्लूसियस बिया पेरत, वाट पाहत आणि आलेल्या प्रत्येक रंगाची नोंद करत.

मॅक्सिमिलियन 1576 साली वारला. नव्या बादशहाने क्लूसियस यांची नोकरी काढून घेतली. पुढे पडल्यामुळे त्यांचा पाय अधू झाला. 1593 साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना बोलावले, तेव्हा त्यांचे वय 67 वर्षांचे होते. ते कुबड्या घेऊन चालत. तरीही त्यांच्या देखरेखीखाली विद्यापीठाची बाग उभी राहिली. हॉलंडमध्ये ट्यूलिप प्रथम त्यांनीच आणले असे पुष्कळ ठिकाणी लिहितात, पण ते बरोबर नाही. त्या भागात ट्यूलिप आधीच पोचले होते. त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र क्लूसियस यांनी केला.

दूरदूरच्या मित्रांना ते कंद आणि बिया मोफत पाठवत. त्यांचा व्यापार करणे त्यांना आवडत नसे. मग चोरांनी त्यांच्या बागेतले कंद उपटून नेले, तेही एकदाच नव्हे. वर्षानुवर्षे जपलेले कंद एका रात्रीत गेले, तेव्हा त्या वृद्ध माणसाला काय वाटले असेल!

1601 साली त्यांचा दुर्मीळ वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ निघाला. एकरंगी ट्यूलिपवर अचानक पट्टे उमटतात आणि मग तो कंद दुबळा होत जातो, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. हा विषाणूचा रोग आहे आणि तो मावा या किडीमुळे पसरतो, हे विसाव्या शतकात समजले.

क्लूसियस 1609 साली लायडनमध्येच वारले. त्यानंतर हॉलंडमध्ये याच रोगट, पट्टेदार ट्यूलिपसाठी लोक वेडे झाले. एकेका कंदाला घराएवढी किंमत आली आणि 1637 साली तो बाजार कोसळला. लायडनची बाग मात्र आजही आहे. क्लूसियस यांच्या काळच्या यादीप्रमाणे तिचा एक भाग पुन्हा तयार केला आहे.