दृष्टी गेली तेव्हा हातात कात्री घेतली : सत्यजित रेंच्या मास्तरांची गोष्ट

साल होतं १९५७. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ५३ वर्षांच्या एका चित्रकाराची दृष्टी कायमची गेली. आता हा माणूस चित्रं काढायचं थांबवणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच वर्षी त्यांनी रंगीत कागद आणि कात्री हातात घेतली.

हे होते बिनोद बिहारी मुखर्जी. सत्यजित रेंचे शांतिनिकेतनमधले शिक्षक.

तसं बघायला गेलं तर बिनोद बिहारींचं डोळ्यांशी कधीच जमलं नव्हतं. ७ फेब्रुवारी १९०४ ला कोलकात्याजवळ बेहाला इथे त्यांचा जन्म झाला. एका डोळ्याने जन्मापासूनच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने अगदी जवळचंच दिसायचं. नेहमीच्या शाळेत काही निभाव लागेना, म्हणून घरच्यांनी १९१७ मध्ये त्यांना रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात पाठवलं. दोन वर्षांनी तिथे कलाभवन सुरू झालं आणि पोराने थेट चित्रकला शिकायचं ठरवलं.

आता ज्याला नीट दिसतच नाही तो चित्रं कशी काढणार? नंदलाल बोसांनाही हीच शंका होती. पण टागोरांनी त्यांना समजावलं की मुलगा मन लावून शिकतोय तर शिकू द्यावं. बिनोद बिहारींना प्रवेश मिळाला.

इथून कागदाची गोष्ट सुरू होते.

मोठं चित्र बघायला चार पावलं मागे जावं लागतं. बिनोद बिहारी मागे गेले की सगळं धूसर. पण चीन-जपानकडे चित्रांची एक जुनी पद्धत होती, कागदाच्या गुंडाळीची. लांबच लांब कागद, एका हाताने उलगडत जायचा, दुसऱ्या हाताने गुंडाळत जायचा. चित्र एका वेळी हातभरच दिसतं, तेही डोळ्यांच्या अगदी जवळ. (मोबाईलवर स्क्रोल करतो ना आपण, तसंच. स्क्रोल हा शब्द मुळात या गुंडाळीचाच.) सगळ्यांसाठी हा एक वेगळा प्रकार होता, बिनोद बिहारींसाठी मात्र हे माप त्यांच्या डोळ्यांना बरोबर बसणारं होतं.

१९२४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांनी शांतिनिकेतनच्या परिसराची एक गुंडाळी रंगवली. रुंदी वीतभरही नाही आणि लांबी ४४ फुटांच्या वर! झाडं, मोकळी माळरानं, मध्येच एखादा एकटा माणूस. वय होतं २० वर्षं.

पुढच्याच वर्षी ते कलाभवनात शिकवायला लागले. नंतर जपानला जाऊन आले. गुंडाळीत जमलेली गोष्ट त्यांनी भिंतीवर नेली. १९४० मध्ये वसतिगृहाचं अख्खं छत बीरभूमच्या गावजीवनाने भरून टाकलं. त्याच वर्षी सत्यजित रे तिथे शिकायला आले. १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र केलं. ओल्या गिलाव्यावर, आधी पूर्ण आकाराचा आराखडा न काढता. या चित्रात कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि सूरदासही आहेत. अंध सूरदास रंगवणारा हा माणूस दहा वर्षांनी स्वतः अंध होणार होता.

१९४९ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडलं. नेपाळमध्ये संग्रहालयाचं काम, मग राजस्थानात वनस्थळी, मग पत्नी लीला यांच्यासोबत मसुरीला कलाशिक्षणाचं काम. आणि मग ती शस्त्रक्रिया.

रंगवलेली रेघ बोटांना कळत नाही. कागदाची कड मात्र कळते. घडी कुठे पडली, कात्री कुठे वळली, एका तुकड्यावर दुसरा कुठे चढला, सगळं चाचपून समजतं. रंग कोणता ते सोबतचा माणूस सांगायचा. ५० वर्षं बघितलेले रंग डोक्यात होतेच. अशी कात्रणं चिकटवून त्यांनी फळं घेतलेली बाई केली, आडवा पडलेला माणूस केला. थोडक्या, ठसठशीत आकारांची चित्रं. लोक इथे हेन्री मातीसचं नाव घेतात, कारण मोठ्या आजारपणानंतर त्यानेही कात्रीच धरली होती. पण मातीसला कापलेला कागद दिसत होता, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

१९५८ मध्ये ते कलाभवनात परतले आणि कलेचा इतिहास शिकवू लागले. हो, न बघता. मेणाची छोटी शिल्पंही केली. १९७२ मध्ये तर कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं भित्तिचित्र उभं केलं. त्यातल्या आकृती बघितल्या की कागदी कात्रणांची मोठी भावंडंच वाटतात. त्याच वर्षी सत्यजित रेंनी आपल्या मास्तरांवर ‘द इनर आय’ हा सुमारे २० मिनिटांचा माहितीपट केला. काळा चष्मा लावलेले बिनोद बिहारी त्यात काम करताना दिसतात.

१९७४ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ नोव्हेंबर १९८० ला ते गेले. त्यांची मुलगी मृणालिनी मुखर्जी पुढे नावाजलेली शिल्पकार झाली. तिने माध्यम म्हणून निवडला दोर. गाठी मारून मारून ती माणसापेक्षा उंच शिल्पं उभी करायची.