मेलबर्नमध्ये तीन गोल ठोकणारे नेव्हिल डिसोझा. मेडल हुकलं अन् नावही मागं पडलं

१ डिसेंबर १९५६. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ऑलिम्पिक चालू होतं. फुटबॉलच्या क्वार्टर फायनलमध्ये भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. त्या मैदानावर मुंबईच्या २४ वर्षांच्या एका खेळाडूनं एकट्यानं तीन गोल मारले आणि भारतानं सामना ४-२ असा जिंकला. त्या खेळाडूचं नाव नेव्हिल डिसोझा. एका सामन्यात एकाच खेळाडूनं तीन गोल केले की त्याला हॅट्ट्रिक म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे डिसोझा हे आशिया खंडातले पहिले फुटबॉलपटू ठरले.

आज क्रिकेटमधल्या कुणाच्या किती सेंच्युऱ्या झाल्या हे शाळेतलं पोरगं झोपेतही सांगतं. पण डिसोझांचं नाव विचारलं तर मोठी माणसंही एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

आसगावचं घर, मुंबईचं मैदान

डिसोझांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. कुटुंब मूळचं गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचं. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. डिसोझा भारताची जर्सी घालून मेलबर्नच्या मैदानात उतरले, तेव्हाही त्यांचं मूळ गाव परक्या सत्तेखालीच होतं. गोवा मुक्त व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला.

त्यांचा खेळ बहरला तो मुंबईत. कूपरेजचं मैदान, हारवूड लीग, रोव्हर्स कप यांमुळं त्या वेळी मुंबईचा फुटबॉल जोरात होता. टाटा, कालटेक्स अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ होते. डिसोझा या दोन्ही संघांकडून खेळले. राष्ट्रीय पातळीवर राज्यांची स्पर्धा म्हणजे संतोष ट्रॉफी. ती १९५४ च्या हंगामात मुंबईनं पहिल्यांदा जिंकली, तेव्हाच्या मुंबईच्या फुटबॉलमध्ये डिसोझांचं नाव गाजत होतं.

त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची. म्हणजे सगळ्यात पुढं उभं राहायचं, बचाव करणाऱ्यांचे धक्के खायचे आणि संधी मिळाली की गोल करायचा. दहा संधी चुकल्या तर शिव्या यालाच, अन् एक साधली तर टाळ्याही यालाच.

हेलसिंकीतली जखम

मेलबर्नचं मोल कळायला चार वर्षं मागं जावं लागतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं होतं. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या हारीनंतर फुटबॉल फेडरेशनला जाग आली आणि बूट घालून खेळणं सक्तीचं झालं.

१९५६ च्या संघाची जबाबदारी हैदराबादचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडं होती. कॅप्टन बंगालचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, किट्टू, पीटर थंगराज असे एकाहून एक गडी. मुंबईचे गोलकीपर एस. एस. नारायणही याच संघात होते.

पहिला सामना हंगेरीशी होता. हेलसिंकीचं सुवर्णपदक जिंकलेला हा देश. पण त्याच वेळी रशियाचे रणगाडे हंगेरीत घुसले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि भारताला न खेळताच पुढची चाल मिळाली. नशीब उघडलं, असं कुणीही म्हणालं असतं. ते नुसतं नशीब नव्हतं हे पुढच्या सामन्यात दिसलं.

तीन गोल

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नवव्याच मिनिटाला बद्रू बॅनर्जींचा फटका गोलपोस्टच्या आडव्या दांडीला लागून परत आला. डिसोझा तिथंच होते. त्यांनी डोक्यानं बॉल आत घातला. ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींच्या पासवर डिसोझांनी दुसरा गोल केला. हाफ टाइमच्या आत ऑस्ट्रेलिया पुन्हा बरोबरीत. दोनदा पुढं जाऊन दोनदा बरोबरी झाली की भलेभले संघ ढेपाळतात. पण दुसरा हाफ सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती, तेवढ्यात डिसोझांनी तिसरा गोल मारला. मग किट्टूंनी चौथा घालून विषय संपवला.

त्याच दौऱ्यात सिडनीला भारतानं ऑस्ट्रेलियाला पुन्हा हरवलं, तेही ७-१ असं. मेलबर्नचा निकाल काही लॉटरी नव्हती.

या विजयानं भारत ऑलिम्पिक फुटबॉलच्या सेमी फायनलला पोहोचला. आशियातल्या कुठल्याच संघानं तोवर एवढी मजल मारली नव्हती.

पुन्हा तोच युगोस्लाव्हिया

सेमी फायनलला समोर आला युगोस्लाव्हिया. हेलसिंकीत दहा गोल घालणारा. हाफ टाइमपर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. दुसऱ्या हाफमध्ये पहिला गोल झाला तो भारताचा, आणि मारला डिसोझांनीच. थोडा वेळ का होईना, भारत ऑलिम्पिकच्या फायनलच्या उंबऱ्यावर उभा होता.

ती आघाडी टिकली नाही. युगोस्लाव्हियानं काही मिनिटांतच सामना फिरवला आणि ४-१ नं जिंकला. ब्राँझ मेडलच्या सामन्यात बल्गेरियानं भारताला ३-० नं हरवलं. भारत चौथा आला.

त्या स्पर्धेत भारताचे एकूण गोल पाच, त्यातले चार एकट्या डिसोझांचे. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांचेही चार-चार. म्हणजे ऑलिम्पिकमधल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत या दोघांच्या बरोबरीनं पहिल्या नंबरावर आपला माणूस होता.

चौथ्या नंबरचं दुःख

चौथ्याच्या गळ्यात काही पडत नाही. मेडल नाही म्हणून मिरवणूक नाही, मिरवणूक नाही म्हणून आठवण नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले, फुटबॉलमधला पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला. तो योग्यच होता. पण पुढंही डिसोझांचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात ते नव्हते. त्या रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ आजपर्यंत ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही.

१७ मार्च १९८० ला डिसोझा गेले. वय अवघं ४७.

खेड्यातलं पोरगं फुटबॉल घेऊन माळावर गेलं की घरचे म्हणतात, यात काय ठेवलंय? कोल्हापूरच्या तालमींनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला, बाकी जिल्ह्यांत शाळेला मैदान असलं तरी गोलपोस्ट नसतात. अशा वेळी पोरांना सांगायला आपल्याकडं एक खरी गोष्ट आहे. दहा गोल खाल्लेला देश चार वर्षांत त्याच संघापुढं आघाडी घेऊन उभा राहिला, आणि तो गोल मारणारा मुंबईच्या मैदानात तयार झाला होता. पुढच्या क्रीडा दिनाला शाळेच्या फळ्यावर एक नाव जास्त लिहायला हरकत नाही.