शाहू मोडक : नगरच्या मातीतला ‘माणूस’

नगर जिल्ह्याने महाराष्ट्राला काय दिले, असे कोणी विचारले की आपण लगेच बोटे मोजू लागतो. नेवाशाची ज्ञानेश्वरी, शिर्डीचे साईबाबा, चौंडीच्या अहिल्याबाई, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. वक्तृत्व स्पर्धेत ही यादी मी स्वतः अनेकदा ऐकली आहे. पण या यादीत एक नाव सहसा येत नाही, आणि ज्याचे नाव येत नाही त्याचा चेहरा मात्र एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीचा होता. ते नाव म्हणजे शाहू मोडक. आमच्या आजीच्या पिढीला कृष्ण म्हटला की मोडकांचा चेहरा आठवे. आज आमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी दोघांनाही हे नाव ठाऊक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे, म्हणजे २०२४ पासून ज्याला आपण अहिल्यानगर म्हणतो त्या शहरात, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे वाक्य लिहिताना मी क्षणभर थांबले. ज्याला लोकांनी कृष्ण मानले, ज्ञानेश्वर मानले, तो जन्माने ख्रिस्ती होता! बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटेल. पण नगरचा इतिहास पाहिला तर ते इतके वाटू नये. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे काम सुरू केले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला आले आणि आयुष्याची बरीच वर्षे येथेच राहिले. त्यांनी येशूची भक्ती अभंगांतून गायिली, ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा वाढवली. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा शाहू जेमतेम एक वर्षाचा होता. नगरच्या ख्रिस्ती मंडळींचा देव बदलला होता, पण ओवी, अभंग आणि टाळ यांच्याशी असलेले नाते तुटले नव्हते. शाहू वाढला तो अशा गावात.

१९३२ साल हे मराठी बोलपटाचे पहिले वर्ष. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ याच वर्षी आला. त्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ काढला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. त्यांना कृष्णासाठी एक देखणा आणि गाता मुलगा हवा होता, कारण पार्श्वगायन तेव्हा नव्हते. ज्याने बोलायचे त्यानेच गायचे. चौदा वर्षांचा शाहू कृष्ण झाला आणि शांता आपटे राधा झाल्या. मुंबईच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय बोलपट म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, ‘औट घटकेचा राजा’ या चित्रपटात शाहूने राजपुत्र आणि गरीब मुलगा अशी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातली ती पहिली दुहेरी भूमिका मानतात. एकच चेहरा, पण कपडे बदलले की जग त्याच्याशी निराळे वागते, ही त्या कथेची गंमत. आणि मला वाटते, मोडकांच्या साऱ्या आयुष्याचीही हीच कथा आहे.

येथे थोडे स्वतःबद्दल लिहिते, वाचकांनी क्षमा करावी. मी पाथर्डी तालुक्यातली. माझे आईवडील ऊसतोडणीला जातात. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची गाडी येते आणि गावे ओस पडतात. नवराबायकोच्या जोडीला त्या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नावच हत्याराचे नाव होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. मला नाटकाचे वेड आहे. परंतु एकांकिकेसाठी निवड झाली की माझ्या वाट्याला ठरलेली भूमिका येते, घरकाम करणाऱ्या बाईची. एकदा कारण विचारले तेव्हा कळले की माझ्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि मालकिणीच्या तोंडी ते शोभत नाही. कारण देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हेही मला ठाऊक आहे. पण माणसाच्या जन्मावरून त्याची भूमिका ठरावी काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. शाहू मोडकांचे चरित्र मी वाचू लागले ते या प्रश्नासाठी.

त्यांच्या साऱ्या चित्रपटांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘माणूस’. १९३९ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संवाद अनंत काणेकर यांचे, संगीत मास्टर कृष्णराव यांचे. हिंदीत तोच ‘आदमी’. त्याआधी चार वर्षे, १९३५ मध्ये, ‘देवदास’ने सारा देश रडवला होता. प्रेम फसले की दारू पीत मरून जावे, असा एक चुकीचा आदर्श तरुणांपुढे उभा राहतो आहे असे शांतारामांना वाटले, आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी हा चित्रपट रचला. नायक कोण? जमीनदाराचा मुलगा नव्हे, राजपुत्र नव्हे. गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई. ज्या मोडकांना प्रेक्षक मुकुट आणि मोरपिसात पाहत आले होते, त्यांच्या अंगावर शांतारामांनी शिपायाचा गणवेष चढवला. मोडक तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

कथा अशी. एका रात्री धाड पडते आणि गणपत मैना नावाच्या वेश्येला पकडण्याऐवजी वाचवतो. दोघांचा परिचय वाढतो, जीव जडतो. तिला त्या नरकातून बाहेर काढावे, लग्न करून घरी न्यावे, असे त्याला वाटते. तो तिला आपल्या आईकडे घेऊन जातो. आई भाबडी, देवभक्त. तिच्या त्या निर्मळ मायेपुढेच मैनाला आपला भूतकाळ सोसवत नाही. चित्रपटातला हा भाग पाहताना घशात आवंढा येतो. कारण तेथे मैनाला हाकलणारा कोणी खलनायक नाही. जगाने तिच्यावर मारलेला शिक्का तिनेच आता स्वतःवर मारून घेतला आहे. पुढे तिच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत तिला सोडवू पाहतो, तर ती नकार देते. गणपत कोसळतो, पण तो देवदास होत नाही, जगण्याकडे परत वळतो.

मैनाचे काम शांता हुबळीकर यांनी केले. त्या हुबळीकडच्या, मातृभाषा कानडी. तरीही मैनाचे ते अनेक भाषांतले, उद्याची चिंता झटकून टाकणारे गाणे त्यांनी असे गायिले की ते आजही ऐकले जाते. चहावाल्या पोऱ्याच्या कामात जो मुलगा दिसतो, तो पुढे थोर गायक झाला : पंडित राम मराठे. कानडी बाईने मराठी मैना उभी करावी आणि ख्रिस्ती तरुणाने मराठी शिपाई, याला प्रभातमध्ये कोणी हरकत घेतली नाही. काम येते की नाही, एवढेच पाहिले गेले.

चित्रपटाचे अभ्यासक वास्तववाद म्हटला की इटलीचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ साली ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा चित्रपट काढला. रोम शहरात भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्या एका गरीब माणसाची सायकल चोरीला जाते, आणि तो आपल्या लहान मुलासह ती शोधत दिवसभर वणवण फिरतो, एवढीच कथा. सायकल गेली तर नोकरी गेली, नोकरी गेली तर घरची चूल विझली. हे रोममधले दुःख आपल्याला परके वाटत नाही. बैल मेला की शेतकऱ्याचे हेच होते. नायकाचे काम लाम्बेर्तो माज्जोरानी या खऱ्याखुऱ्या कारखाना-कामगाराने केले. १९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा हा चित्रपट मुंबईत दाखवला गेला आणि आपल्याकडचे दिग्दर्शक त्याने भारावून गेले. ‘माणूस’ त्याच्याही नऊ वर्षे आधीचा. तो स्टुडिओतल्या नेपथ्यात घेतला होता, रोमच्या रस्त्यासारखा उघड्यावर नव्हे, हा फरक मान्य केला पाहिजे. पण हातावर पोट असलेला सामान्य माणूस नायक होऊ शकतो, हे प्रभातने आधीच दाखवून दिले होते.

इटलीचे आणि प्रभातचे नाते तर त्याहून जुने आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत गणला गेला. त्याचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. या जोडीने पुढे १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. कथा-पटकथेला शिवराम वाशीकर आणि संगीताला केशवराव भोळे होते. मुक्ताबाई झाल्या सुमती गुप्ते, आणि ज्ञानेश्वर झाले नगरचे शाहू मोडक.

वाचकहो, येथे जरा थांबून विचार करा. ज्ञानेश्वरांचा चित्रपट, दोन दिग्दर्शकांपैकी एक मुसलमान, आणि प्रत्यक्ष ज्ञानेश्वर ख्रिस्ती! आणि ज्ञानेश्वर तरी कोण होते? संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची मुले म्हणून समाजाने चारही भावंडांना वाळीत टाकले. मुंज नाकारली. आपण शुद्ध आहोत असे पत्र मिळवण्यासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाच्या दारी जावे लागले, अशी कथा आहे. जन्मावरून ज्याची जागा ठरवली गेली, त्याच मुलाने पुढे आपल्या नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ज्या खांबाला टेकून त्यांनी तो सांगितला म्हणतात, तो पैस खांब आजही नेवाशात उभा आहे. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. चित्रपट आला तेव्हा मोडक बावीस वर्षांचे होते. वय जुळले, जिल्हा जुळला. फक्त धर्म जुळत नव्हता, आणि तो कोणी विचारला नाही. लोकांनी त्या शांत चेहऱ्यात माउली पाहिली.

त्यानंतरही मोडक पौराणिक चित्रपटांत काम करीत राहिले. १९४२ साली विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’ मध्ये ते भरत झाले. शोभना समर्थ सीता आणि दुर्गा खोटे कैकेयी होत्या. कृष्णाच्या तर २९ भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. पण या मोठेपणाला एक दुसरी बाजूही आहे. देवाची भूमिका एकदा चिकटली की लोक ती सोडू देत नाहीत. गणपतसारखी माणसाची भूमिका इतक्या ताकदीने करणारा नट उरलेल्या आयुष्यात बहुतेक वेळ देवच होत राहिला. इटलीच्या माज्जोरानींचे तर याहून वाईट झाले. चित्रपट जगभर गाजला, पण त्यांची कारखान्यातली नोकरी गेली आणि नट म्हणूनही त्यांचे बस्तान कधी नीट बसले नाही. शांता हुबळीकरांना उतारवयात वृद्धाश्रमात दिवस काढावे लागले. लोक भूमिका लक्षात ठेवतात, माणूस विसरतात. ११ मे १९९३ रोजी शाहू मोडकांचे निधन झाले.

मग मोडकांच्या चरित्राने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले काय? अर्धे दिले, असे मला वाटते. जन्माने भूमिका ठरत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्यासाठी भाषण केले नाही की वाद घातला नाही, नुसते काम केले. परंतु त्यांना ती संधी मिळाली, कारण भालजींनी, शांतारामांनी, दामले-फत्तेलालांनी नाव-गाव बाजूला ठेवून त्यांच्यातला नट पाहिला. दार ठोठावणारा लागतो, तसा दार उघडणाराही लागतो. मैनाला गणपतने दार उघडले, पण तिच्याच्याने उंबरा ओलांडवला नाही. कारण शेकडो लोकांनी आधीच तिला सांगून ठेवले होते की तुझी जागा बाहेर आहे. हे सांगणे थांबवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

नेवाशाला ज्ञानेश्वरांनी जी मराठी बोलली ती आपल्याच मुलखातली. तिला तेव्हाचे पंडित प्राकृत म्हणून नाके मुरडीत. आज तिच्यापुढे सारे हात जोडतात. तेव्हा कोणाच्या तोंडी कोणती भाषा शोभते आणि कोणाच्या अंगावर कोणता वेष शोभतो, हे ठरवण्याची घाई कोणी करू नये. नगरच्या यादीत शाहू मोडक हे नाव यापुढे जरूर घ्यावे. आणि ते घेताना कृष्ण, ज्ञानेश्वर यांच्याबरोबर गणपत शिपायाचीही आठवण ठेवावी. कारण देव होणे त्यांना जमलेच. पण पडद्यावर माणूस होऊन त्यांनी आमच्यासारख्यांना जो धीर दिला, तो मला अधिक मोलाचा वाटतो.