नगरराज्याचे राखणदार : सर फिरोजशहा मेहता

शहराचे रस्ते कोणी आखावेत, शहराने की सरकारने, हा वाद जुना आहे. मुंबईत ४ ऑगस्ट १८४५ रोजी जन्मलेल्या फिरोजशहा मेहता यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चावरून करदाते खवळू लागले होते. मेहता यांनी दोष व्यक्तीत नसून रचनेत असल्याचे दाखवून दिले आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींची मागणी केली. १८७२ च्या कायद्याने ती अंशतः मान्य झाली. १८८८ च्या कायद्याच्या वेळी, सारी सत्ता सरकारी आयुक्ताच्या हाती जाऊ नये यासाठी ते काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासह विधिमंडळात झगडले.

तरीही प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने रस्तेबांधणीसाठी पालिकेबाहेर स्वतंत्र ट्रस्ट नेमलाच. तो पालिकेत विलीन झाला १९३३ मध्ये. मेहता ५ नोव्हेंबर १९१५ रोजीच निवर्तले होते.

१८६७ मध्ये स्थापन झालेल्या भंडारा नगरपालिकेपासून मुंबईपर्यंत हा प्रश्न आजही मिटलेला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने रस्ते व पूल हे विषय नागरी संस्थांसाठी नमूद केले. ते प्रत्यक्ष सोपवणे मात्र राज्याच्याच हाती राहिले.