आरतीकर्ते श्री समर्थ रामदासस्वामी

श्रीगणेशाची पूजा संपन्न झाल्यावर घरोघरी व मंदिरोमंदिरी जी आरती प्रथम म्हटली जाते, त्या ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ या आरतीचे रचनाकार श्री समर्थ रामदासस्वामी होत. आरती सर्वांना मुखोद्गत असते. परंतु तिच्यामागील जीवनाची माहिती सर्व भाविकांना असतेच असे नाही.

समर्थांचे मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. त्यांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये चैत्र शुद्ध नवमीस, जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. मातोश्रींचे नाव राणूबाई व ज्येष्ठ बंधूंचे नाव गंगाधरपंत. वयाच्या बाराव्या वर्षी विवाहप्रसंगी मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायणाने मंडपातून प्रयाण केले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे नाशिकजवळील टाकळी येथे बारा वर्षे त्यांनी तपश्चर्या केली. नदीच्या पात्रात उभे राहून रामनामाचा जप करावा व पंचवटीत माधुकरी मागावी, असा त्यांचा नित्यक्रम होता. याच काळात, इ. स. १६३० च्या सुमारास, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नंतर सुमारे बारा वर्षे भारतभर तीर्थाटन करताना लोकांची विपन्नावस्था त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांच्या काव्यात या दुःखाचे वर्णन आढळते.

इकडे जांब येथे राणूबाई पुत्राची वाट पाहत राहिल्या. चोवीस वर्षांनी समर्थ दारी आले, तेव्हा त्या माउलीची दृष्टी गेलेली होती. पुत्राच्या स्पर्शाने ती परत आली, असे संप्रदायात सांगतात. तथापि समर्थ घरी राहिले नाहीत. इ. स. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळ येथे त्यांनी श्रीराममंदिर उभारले, अकरा मारुतींची स्थापना केली व ‘दासबोध’ हा ग्रंथ सिद्ध केला. शके १६०३ (इ. स. १६८२) मध्ये माघ वद्य नवमीस त्यांनी सज्जनगडावर देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

गणपतीची आरती मोरगाव येथील श्रीमयूरेश्वराच्या दर्शनाने स्फुरली, अशी श्रद्धा आहे. पहिल्या दोन कडव्यांत शेंदूर, मोत्यांची माळ, रत्नजडित मुकुट व नूपुरे यांसह श्रींचे रूप वर्णिले आहे. तिसऱ्या कडव्यात समर्थ रामाचा दास म्हणून स्वतःचा निर्देश करतात व आपण घरी देवाची वाट पाहत आहोत असे सांगतात. ज्यांनी बालवयातच घराचा त्याग केला, ज्यांची माता चोवीस वर्षे वाट पाहत राहिली, त्यांनीच ही आर्त विनवणी करावी, यातील भाव जाणण्यासारखा आहे. शंकराची ‘लवथवती विक्राळा’ व मारुतीची ‘सत्राणे उड्डाणे’ या आरत्याही समर्थांच्याच होत.

मौखिक परंपरेमुळे काही शब्दांत फरक पडला आहे. शेवटच्या कडव्यात संकटसमयी धावून येण्याची प्रार्थना आहे. तेथे अनेकजण ‘संकष्टी’ असे म्हणतात. तो शब्द चतुर्थीचा वाचक असल्याने मूळ अर्थ हरपतो. त्याचप्रमाणे कमरेस सर्प बांधणारा या अर्थाच्या शब्दाऐवजी काहीजण ‘फळीवर’ असा निरर्थक उच्चार करतात. भाविकांनी आरतीसमयी शुद्ध उच्चाराने व अर्थ ध्यानी घेऊन आरती म्हणावी, ही नम्र विनंती. समर्थांचे स्मरण व श्रींची सेवा ही दोन्ही त्यायोगे घडतील.

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥