कारोलुस क्लुसियस

कारोलुस क्लुसियस (१९ फेब्रुवारी १५२६ – ४ एप्रिल १६०९) हे सोळाव्या शतकातील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे मूळ नाव शार्ल द लेक्लूझ असे होते. ट्युलिपच्या पाकळ्यांवर उमटणारे रंगीत पट्टे आणि त्या झाडांचा ऱ्हास यांतील संबंध त्यांनी नोंदवला. हा पुढे विषाणुजन्य ठरलेल्या वनस्पतिरोगाच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक मानला जातो.

जीवन

क्लुसियस यांचा जन्म आरास (सध्या फ्रान्समध्ये) येथे झाला. कायद्याच्या अभ्यासानंतर ते माँपेलिए येथे गियोम राँदले यांच्याकडे वैद्यक व वनस्पतिशास्त्र शिकले. गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला होता. क्लुसियस यांनी १५६७ मध्ये त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद प्रसिद्ध केल्याने तो युरोपभर पोहोचला. १५७३ मध्ये सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने त्यांना व्हिएन्नाच्या शाही उद्यानाच्या कामासाठी बोलावले. त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्यांना हे पद गमवावे लागले. १५९३ मध्ये ते लायडेन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले.

ट्युलिपविषयक निरीक्षणे

एकरंगी फुले देणारा कंद एखाद्या वर्षी अचानक पट्टेदार फुले देऊ लागतो आणि त्यानंतर क्षीण होत जातो, असे क्लुसियस यांना आढळले. अशा फुलांची मागणी मोठी होती. लायडेनमधील त्यांच्या बागेतून कंद चोरीलाही गेले. त्यांच्या मृत्यूनंतर हेच वेड वाढत गेले. १६३७ मध्ये कोसळलेल्या डच ट्युलिप बाजारात पट्टेदार जातींना सर्वाधिक किंमत होती. बियांपासून वाढवलेली रोपे रोगमुक्त असतात. परंतु पट्टे टिकवण्यासाठी बागायतदार रोगट कंदांचीच लागवड करत राहिले.

कारणाचा शोध

१९२८ मध्ये डोरोथी केली यांनी कंदांच्या कलमांद्वारे हा बदल संसर्गजन्य असल्याचे दाखवले. मावा ही कीड या विषाणूचा प्रसार करते, हे पुढे स्पष्ट झाले. रोगट झाडात सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू किडीच्या मुखांगांना चिकटतो व पुढच्या झाडात उतरतो. विषाणूमुळे पाकळ्यांतील अँथोसायनिन रंगद्रव्याचे वितरण असमान होते व खालचा पांढरा वा पिवळा रंग दिसू लागतो. कंदाची वाढही खुंटते. याच गटातील सलगम मोझॅक विषाणू यजमान झाडाची संरक्षण-यंत्रणा दुबळी करून माव्याच्या प्रजननास अनुकूल स्थिती निर्माण करतो, असेही आढळले आहे. म्हणजे काही विषाणू किडीवर केवळ स्वार होत नाहीत, तर झाड व कीड यांचे नातेच बदलतात.

वारसा

दुर्मिळ वनस्पतींवरील त्यांचा मुख्य ग्रंथ १६०१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लुसिया ही वनस्पतींची प्रजाती आणि ट्युलिपा क्लुसियाना ही ट्युलिपची जाती त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे निधन लायडेन येथे झाले.