सुळेभावीचा शिवपुत्र : पंडित कुमार गंधर्व

बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावरचे सुळेभावी हे गाव आपल्यापैकी अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. याच गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कन्नडभाषिक लिंगायत घरात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी यांचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब गाऊन दाखवी. लहानपणीच त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी ते मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे शिकू लागले. देवधर मास्तर एकाच घराण्याला धरून बसणारे नव्हते. दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाला तिथे स्वतः विचार करण्याची सवय लागली.

कीर्ती वाढत असतानाच १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठले. एक फुप्फुस निकामी झाले. हवापालटासाठी ते माळव्यात देवासला राहिले. गाण्याची मनाई होती. पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्याची लोकगीते त्यांनी मनात साठवली. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले.

आता दमसास पूर्वीचा नव्हता. लांब तानांऐवजी छोट्या, तेजस्वी स्वरवाक्यांत ते राग मांडू लागले. लोकधुनांतून मालवती, संजारी, लगनगंधार असे नवे राग बांधले, कबीराची निर्गुणी भजने वेगळ्याच ढंगाने गायिली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जुन्या वळणाचे श्रोते नाराज झाले. घराणे मोडले, असा आक्षेप आला. कुमारांनी वाद घातला नाही, गात राहिले. पद्मभूषण, पद्मविभूषण हे सन्मान पुढे आले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले.

कुमार कन्नडिगांचे की मराठी माणसांचे, हा प्रश्न आपल्या सीमाभागात अधूनमधून निघतो. जन्मभाषा कन्नड, तालीम मुंबईची, कर्मभूमी माळवा, आणि कवी अनिलांची मराठी गीते त्यांच्या गळ्यातून घराघरांत पोहोचलेली. आम्हांला वाटते, असा माणूस वाटून घेता येत नाही. दोन्ही भाषांच्या शेजारात वाढलेल्या आपल्या मुलांना हे सांगायला हवे. यंदा मंडपात एखादी संध्याकाळ कुमारांच्या गाण्यासाठी ठेवावी, एवढीच आमची मंडळाला विनंती.

गणपती बाप्पा मोरया!